मधलं रान

भामाबाई पावलाला पाऊल जोडून चालत होती. पुढच्या पावलाची टाच मागच्या पावलाच्या अंगठ्याला टेकवायची, तोंडानं काहीतरी पुटपुटायचं आणि पुन्हा तेच. जोंधळा काढून झालेलं रान, धसकटं तशीच उभी, आणि त्या धसकटांतून ही धिप्पाड बाई लुगडं वर खोचून डोंबारणीसारखी तोल सावरत चाललेली. सुला आपल्या दारात दात घासत उभी होती. तिला आधी हसू आलं. सकाळी सकाळी हिनं नवसबिवस फेडायला काढला की काय, असं वाटलं. मग भामाबाईनं मान वर केली आणि आज भाजी काय केली असं विचारावं इतक्या सहज विचारलं, "सुलाताई, तुमचा वाटा कुठनं कुठवर वो? आमचा ह्या लिंबापातूर येतोय."

वाटा? सुलानं चूळ भरली, पुन्हा भरली, तरी तोंडातलं मंजन जाईना. कसला वाटा, असं विचारायला हवं होतं. पण भामाबाई तोवर पुढं गेली होती आणि मोजणी चुकू नये म्हणून तिनं मान खाली घातली होती. सुला तशीच उभी राहिली. सोळा घरं, घोड्याच्या नालासारखी दोन वळणं घेऊन समोरासमोर मांडलेली. सगळ्यांची दारं आतल्या अंगाला, सगळ्यांच्या पाठी रस्त्याला, आणि मध्ये हे मोकळं रान. सांगलीत विश्रामबागेच्या पुढं, जिथं तेव्हा बाभळींशिवाय काही नव्हतं, तिथं हे सगळं सुलानंच नकाशा काढून मांडलं होतं. नकाशावर तिनं मधल्या जागेला सुबक अक्षरांत 'सामायिक उद्यान' म्हटलं होतं. राहायला आलेल्यांनी आठ दिवसांत त्याचं मधलं रान करून टाकलं. उद्यान म्हणताना त्यांच्या जिभा अडखळत, रान म्हटलं की पाय ओळखीच्या जागी पडत. तिला ते नाव मनापासून आवडलं होतं. आज पहिल्यांदाच वाटलं, तिथंच माशी शिंकली. रान म्हटलं की बांध आला. आणि बांध म्हटलं की काय येतं, हे कडेगावात वाढलेल्या मुलीला कुणी शिकवायची गरज नव्हती. नांगरताना दर वर्षी शेजारच्या बांधाचा एक तास, नांगराची एक ओळ, कोरायचा, शेजाऱ्यानं तो पुढच्या वर्षी परत कोरायचा, आणि असं करता करता सख्ख्या चुलत्यांनी एकमेकांच्या मयतीला जायचं सोडायचं. तिनं हे लहानपणी पोटभर पाहिलं होतं.

मुंबईला घरबांधणीचं शिकायला होती तेव्हा मास्तरांनी परदेशातल्या बागेच्या गावांची चित्रं दाखवली होती. कात्रीनं कापलेली कुंपणं, गालिच्यासारखी हिरवळ, बाकावर बसलेले म्हातारा-म्हातारी. वर्गातली मुलं भारावून गेली. सुला मात्र बघत होती की ह्या बायका सांडगे कुठं वाळत घालतात. तिला त्या चित्रांतून मोकळ्या जागेची गोष्ट तेवढी पटली. बाकीचं तिनं घेतलं ते कडेगावच्या खळ्यावरून. चार घरांच्या भावकीत मिळून एकच खळं होतं. ह्यांचे एकमेकांवर कोर्टात दावे चाललेले, एकाच्या घरचं पाणी दुसरा पीत नसे. पण सुगीत चारी घरांचे बैल मधल्या त्या एकाच खांबाला, तिवड्याला, बांधून फिरायचे आणि बायका एकाच सावलीत भाकरी सोडायच्या. खळं कुणाचं, असं कधी कुणी विचारलं नव्हतं. मग सांगलीत ही घरबांधणी संस्था निघाली, सुला तिची सभासद झाली आणि नकाशाचं कामही तिच्याकडंच आलं. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता, सभासदांतले निम्मे लोक खडी फोडून आलेले. पाणी वाचवायचं असं नुसतं म्हटलं तरी लोक कान देत. तिनं न्हाणीचं पाणी पाटानं केळींना आणि अळवाला नेलं, कौलांवरचं पाणी विहिरीत सोडलं, दोन घरांत एक भिंत घालून दगड वाचवला, आणि कंपाउंड घालायला साफ नकार दिला. बाईनं घरं उलटी बांधली, म्हणून सगळे हसले. कित्येकांनी नावाच्या पाट्या रस्त्याकडच्या भिंतीला ठोकल्या, आणि मग पाहुणे येऊन न्हाणीच्या खिडकीवर थाप मारायला लागले. हळूहळू सगळं अंगवळणी पडलं. तान्ही पोरं त्या रानात चालायला शिकली.

आणि जोंधळा. ते मात्र तिचं स्वतःचं चुकलं होतं. पहिल्या वर्षी ती साताऱ्याला एका कामावर महिनाभर राहिली आणि परत येऊन बघते तर गवतासाठी सोडलेल्या जागेत कुणीतरी कुळव फिरवून शाळू पेरलेला. सूतगिरणीत, मार्केट यार्डात, डेपोत नोकऱ्या करणारी ही माणसं. पण काळी माती रिकामी पडलेली त्यांना बघवेना. सुला हसून हसून ओट्यावर बसली. माघात हुरडा झाला, सोळा घरांतल्या पोरांची तोंडं काळी झाली, आणि तिला वाटलं, ह्याहून चांगलं उद्यान कुठल्या देशात असेल? तिच्या ध्यानात आलं नाही की गवत असतं तर कुणी वाटा मागितला नसता. कणसं आली की राखण आली, राखण आली की कुणी जास्त केली, कुणी टाळली, आणि धान्य मात्र सारखं का? भामाबाईचा नवरा आप्पासो गेल्या साली म्हणालाच होता, पाखरं हाकायची आमी अन् पोती समद्यांनी न्यायची. तिनं ते हसण्यावारी नेलं. आता दारात उभं राहून तिनं स्वतःशी कबूल केलं की चुकलं. कबूल केलं म्हणून माघार घ्यायची मात्र तिची रीत नव्हती.

तोंड पुसून ती तशीच भाऊसोंकडं गेली. भाऊसो लष्करातून हवालदार होऊन सुटलेले, संस्थेचे चेअरमन. खाटेवर बसून मिशीला तेल लावत होते.

"रान वाटायचं ठरलंय म्हणे?"

"बसा की ताई. आगं, च्या टाक." त्यांनी तेलाच्या बाटलीला सावकाश बूच लावलं. "तुमच्या कानावर घालणारच हुतो. रविवारी सभा घेतलीया. राखायचं कुनी अन् खायाचं कुनी, रोजची कुरकुर. त्यापरीस ज्याचं त्याला दिऊन टाकू. तुमाला हिरीकडंचा वाटा काढलाय बगा, लिंबुणीसकट. समद्यात चांगला."

"रान वाटायला सोळाही जणांची संमती लागते. मीच नियमात तसं घालायला लावलंय."

"हाय की. पंधरा जणांची हाय. तुमची तेवढी ऱ्हायलीया."

"ती मिळणार नाही."

भाऊसो हसले. वाईट माणूस नव्हता तो. हट्टी पोराकडं बघून हसावं तसा हसला. "म्हून तर तुमच्या बंधूस्नी सांगावा धाडलाय. कृष्णातरावांस्नी. येत्यात रविवारच्या यष्टीनं. घरचं मानूस जवळ असलं की अशी कामं बरी हुत्यात."

तिनं चहाची कपबशी तशीच खाली ठेवली. ह्या वस्तीतला दगड न् दगड तिनं मांडला. कुठल्या न्हाणीचं पाणी कुठं जातं हे तिला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. गवंड्यांनी तिचं ऐकलं, सुतारांनी ऐकलं, ह्याच भाऊसोंनी चार लोकांत तिला इंजिनेरबाई म्हणून मिरवलं. आणि तिच्या एका सहीसाठी ह्यांना कडेगावचा भाऊ लागला. लग्न न करता स्वतःच्या कमाईवर घर बांधलेली बाई म्हणजे ह्यांच्या हिशेबी अजून कुणाच्या तरी घरचीच. घरी येऊन ती कागद पसरून बसली, पण रेघ सरळ येईना, आणि डोळ्यांपुढं ते हिरवं लुगडं यायला लागलं.

तिचे वडील, आबा, गेले त्या वर्षीचं लुगडं. सुभेदार मानसिंग, इंजिनेर पलटणीतले, घरी रजेवर आले की स्वतःचं रान स्वतः मोजायचे आणि साखळीचं दुसरं टोक सुलाच्या हातात द्यायचे. ताठ धर, म्हणायचे, झोल पडला की शेजाऱ्याचं रान आपल्यात येतंय, ते पाप. तिला त्या रानाचा प्रत्येक बांध तळपायांनी पाठ होता. आबांचे दिवस झाल्यावर दादा तिला तालुक्याच्या कचेरीत घेऊन गेला. सगळ्याच बहिणी देतात सोडून, तसा तिनंही रानावरचा हक्क सोडून द्यायचा होता. वाटेत दादानं भजी खाऊ घातली, लुगडं घेतलं. आई निघताना म्हणाली होती, "दिऊन टाक बाई. भावाचं दार उघडं ऱ्हाईल." नकाशावरची एकेक रेघ तपासणाऱ्या सुलानं तो कागद वाचलासुद्धा नाही. इतकी सुंदर सही केली की कारकुनानं अक्षराचं कौतुक केलं, आणि ती त्या कौतुकानं सुखावली. पुढच्या दिवाळीत ती त्याच रानात उभी असताना वहिनी गड्याला म्हणाली, पाव्हणीला ऊस दे मोडून. पाव्हणी! वहिनीनं मायेनंच म्हटलं होतं, म्हणून तर ते जास्त लागलं. सुलानं ऊस खाल्ला. गोड होता.

आता तेच घरचं माणूस तिला वाटा घे म्हणून सांगायला येणार होतं. संध्याकाळी ती विहिरीकडं गेली. लिंबुणीला बारीक बारीक लिंबं धरली होती. हा कोपरा तिचा झाला तर? ती थोडा वेळ तिथं उभी राहिली आणि तिला चक्क मोह पडला. तिनं मनातल्या मनात तिथं एक बाक ठेवलं, एक जाई लावली, आपल्या हातानं लावलेल्या झाडाखाली आपल्याच जमिनीवर बसून बघितलं. घर तिचं होतं, पण जमीन संस्थेची; सात-बाऱ्यावर तिचं नाव कुठंच नव्हतं. ते कुठंतरी यावं असं आपल्याला इतकं वाटतं, हे तिला माहीतच नव्हतं. नको म्हणायला आपण कोण लागून गेलो? सगळ्यांना हवंय, आपल्यालाही हवंय, मग घ्यावं की. मग तिला पलीकडं आप्पासो दिसला. कडुलिंबापासून सरळ रेषेत तो दगड मांडत होता, आणि शेजारच्या घरातला माणूस दारात उभा राहून त्या दगडांकडं बघत होता. ती नजर तिनं ओळखली. चुलत्यांच्या डोळ्यांत तिनं ती शंभर वेळा पाहिली होती. मोह गेला असं नाही, पण त्याच्या जोडीला रागही आला, आणि राग मोहापेक्षा दांडगा होता.

रविवारी दादा आला. पांढरं धोतर, नवा फेटा. घरभर हिंडून त्यानं भिंतींवर थापा मारून पाहिल्या, दगडी काम चांगलं केलंय म्हणाला. जेवताना विषय काढला.

"लोकं काय वंगाळ सांगत न्हाईत, सुले. कशाला उगं आडवी पडतीस?"

"माझं रान आहे म्हणून."

"तुजं एकटीचं हाय व्हय?"

"माझंही आहे. सगळं."

"समदं कुनाचंबी नसतंय बग," दादा समजुतीच्या सुरात म्हणाला. "नावावर असंल तेवढंच आपलं. आबा आसतं तर त्यांनीबी ह्येच सांगितलं आसतं." तिनं त्याच्या पानात आणखी भाकरी वाढली. आबांचं नाव त्यानं काढायला नको होतं.

उन्हं कलल्यावर सभा भरली, रानातच. पुरुष सतरंजीवर, बायका शेवग्याखाली. सुला नेहमीसारखी सतरंजीवर बसली; ती सभासद होती. दादासाठी भाऊसोंच्या शेजारी खास खुर्ची आणली होती.

"ताई, आता बंधूबी आल्यात," भाऊसो म्हणाले. "जास्ती ताणू नगा."

"बंधू सभासद नाहीत. पाहुणे म्हणून बसू देत. बोलायचं ते माझ्याशी बोला. मी संमती देत नाही."

"का पर? कारन तर सांगा," आप्पासो तडकला.

कारणं तिनं तयार ठेवली होती. बांध घातले की पाट तुटणार, वरच्या अंगाच्या घरांचं पाणी त्यांच्याच दारात कुजणार, केळी वाळणार, विहीर कुणातरी एकाच्या वाट्यात जाणार, मग तार येणार, तारेची भिंत होणार, आणि सोळा जण सोळा खड्ड्यांत बसून एकमेकांवर डोळा ठेवणार. ती चांगलं बोलली. लोकांनी ते रेडिओवरच्या हवामानासारखं ऐकून घेतलं. मग धुळा उठला. धुळा जतेकडचा धनगर, डेपोत गाड्यांची चाकं बदलायचा. साऱ्या वस्तीत तिला तो जवळचा वाटे, कारण उलट्या घरांबद्दल त्यानं कधी तक्रार केली नव्हती.

"ताई, राग मानू नगा," तो म्हणाला. "तुमी म्हनताय ते समदं खरं आसंल. पर माज्या बापानं जलमभर दुसऱ्याच्या रानात मेंढरं बसवली. खत आमच्या मेंढरांचं, रान दुसऱ्याचं. आमच्या नावावर टीचभर जमीन कवा न्हवती. आता पयल्यांदा गावतीया, तर तुमी आडवं येताय. तुमी ऊसवाल्या घरच्या. वाट्याची भूक तुमाला काय कळायची?"

पाट, केळी, विहीर, सगळी कारणं त्या एका वाक्यापुढं बारकी झाली. धुळा खोटं बोलत नव्हता. त्याच्या गळ्याची शीर ताठ झालेली तिला दिसत होती, आणि तिला वाटलं, ह्या माणसाला नाही म्हणायचं तर आपल्याकडं तसंच काहीतरी खरं पाहिजे.

दादाला वाटलं ती नमली, आणि तो खुर्चीत पुढं सरकला. "बराबर बोलला त्यो. सुले, हितं नकाशा काढायचा न्हाई. मिळतंय ते घे अन् गप सही कर. तुज्या भल्याचं सांगतोय. तुज्या नावावर कायतरी असू दे की."

तुज्या नावावर कायतरी असू दे. हे त्या तोंडून! सुलाला आधी काही वाटलंच नाही. मग ती ताडकन उठून उभी राहिली. बोलायला लागली तेव्हा मुंबईची भाषा कुठल्या कुठं गेली होती.

"धुळा, ती भूक मला कळती. माज्याबी नावावर टीचभर न्हाई." ती भावाकडं वळली. "दादा, खरंच माज्या नावावर कायतरी असावं वाटतंय तुला?"

"मग? म्हून तर आलोय."

"तर कडंगावातलं दे. आबांच्या रानातला माजा वाटा. वड्याकडंचा दे, खडकाळ दे, कुठलाबी. आत्ता हितं बसून लिहून दे. मग मी ह्यांच्या कागदावर सही करती."

दादा भाऊसोंकडं बघायला लागला आणि भाऊसो स्वतःच्या तळहाताकडं. भाऊसोंना तासगावकडं दिलेल्या दोन बहिणी होत्या. आप्पासोला एक. धुळा सोडला तर त्या सतरंजीवर असा एक पुरुष नव्हता ज्याच्या बहिणीनं, आत्यानं, कुठल्यातरी कचेरीत जाऊन सोडून दिलं नव्हतं, आणि हे आजवर कुणाच्या मनातही आलं नव्हतं. शेवग्याखालून भामाबाईचा आवाज आला, चुलीवर काही राहिल्याची आठवण व्हावी तसा. "माजाबी हुता की वाटा. आटपाडीला. मी अंगठा लावला."

"गप गं," आप्पासो म्हणाला.

"गप काय? हुता म्हंते."

"मला हितला वाटा नको," सुला म्हणाली. तिचा आवाज कापत होता आणि तो कापतोय ह्याची तिला लाज वाटली नाही. "तुकडा घेतला की बाकीचं गेलं. मला समदं पायजे. ह्या कडंपास्नं त्या कडंपातूर. अन् धुळा, तुलाबी समदं पायजे. तुज्या पोरानं ह्या रानात कुठंबी पळावं, कुणाच्या बांधाला थटून पडू नये. टीचभरासाठी समदं सोडू नगंस. मी सोडू देणार न्हाई."

धुळा तिच्याकडं बघत राहिला आणि मग खाली बसला. त्याला पटलं की नाही, त्याच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

दादा उठला. फेटा सावरत दोन घरांमधल्या बोळातून रस्त्याकडं निघाला, आणि सुला त्याच्या मागोमाग गेली. बोळाच्या तोंडाशी तो थांबला, पण वळला नाही.

"चार लोकांत माजी शोभा केलीस. आता म्हायेर तुटलं म्हून समज."

"वाटा मागितला की तुटतंय, ते कसलं रं म्हायेर?"

तो चार पावलं गेला आणि पाठमोराच म्हणाला, "वहिनीनं गूळ दिलाय. ट्रंकंवर ठेवलाय." आणि झपाझप स्टँडच्या दिशेनं चालायला लागला. दादा, थांब रं, असं अगदी ओठांवर आलं होतं. हाक मारली असती तर तो थांबला असता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि मग वाटा मागितला ते चुकलं, असं कबूल करावं लागलं असतं, तेही ठाऊक होतं. फेटा दिसेनासा होईपर्यंत ती उभी राहिली. रडली. मग तळहातानं तोंड पुसून बोळातून परत फिरली.

रानात कुणी उठलं नव्हतं. बायका शेवग्याखालून सरकून सतरंजीच्या कडेला येऊन बसल्या होत्या आणि त्यांना कुणी हटकलं नव्हतं. सगळे तिच्याकडं बघत होते. सुला आपल्या जागेवर बसली, पदर खांद्यावर नीट केला.

"हं, भाऊसो," ती म्हणाली, "पुढचा विषय घ्या. औंदा काय पेरायचं, आणि राखणीला कुणी कधी बसायचं. पहिली पाळी माझी लिहा."